सिकलसेलचा रिपोर्ट आणि साक्षगंधाची तारीख

पत्र

ताई,

मी 27 वर्षांची आहे, मूळची वर्धा जिल्ह्यातली, सध्या पुण्यात नोकरीला. अकरावीत असताना आमच्या कॉलेजात सिकलसेलचं शिबिर झालं होतं. सगळ्यांचं बोटातून रक्त घेतलं, मग काही जणांचं परत दंडातून घेतलं. काही दिवसांनी सरांनी भर वर्गात चार नावं वाचली आणि "यांनी ऑफिसात येऊन सिकलचे रिपोर्ट घेऊन जा" म्हणाले. त्यात माझं नाव होतं. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यात कुणी हात घातला नाही. रिपोर्टवर 'एएस पॅटर्न' लिहिलेलं होतं. आईने तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला, तो तिथेच आहे. मला कधी काही त्रास झाला नाही. माझा मामेभाऊ मात्र 'एसएस' आहे. 19 वर्षांचा आहे, दर दोन-तीन महिन्यांनी हातपाय धरून रडतो, भरती करावं लागतं.

आता माझं लग्न जमलंय. मुलगा अमरावतीचा, नागपूरला बँकेत आहे. रोज बोलतो आम्ही, मला आवडलाय. पुढच्या महिन्यात साक्षगंध आहे. आई म्हणते, "तू आजारी नाहीस, मग सांगायचं कशाला? पोरीचं एकदा बाहेर आलं की स्थळं बंद होतात. तुझ्या पाठीवर बहीण आहे." मी गप्प राहिले तर ती फसवणूक होईल का? पुण्यातल्या एका लॅबचं लग्नाआधीच्या जनुक तपासणीचं पॅकेज मैत्रिणीने सुचवलंय, ते दोघांनी करावं का?

आणखी एक. दादाचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. त्याने कधीच तपासणी केली नाही. वहिनी गोंदियाकडची आहे. मामेभावाला 'रक्त कमी आहे' एवढंच तिला सांगितलंय. तिला आता नववा आठवडा लागलाय. आईने मला शपथ घातली आहे.

— नाव छापू नका

उत्तर

तू विचारलं आहेस साक्षगंधाचं, पण मी सुरुवात तुझ्या पत्राच्या शेवटापासून करते. साक्षगंध महिनाभर लांब आहे आणि वेळ पडली तर आणखी पंधरा दिवस पुढे जाऊ शकतं. वहिनीचा नववा आठवडा कुणासाठी थांबत नाही.

आधी हिशेब नीट मांडू. सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा, म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा, आनुवंशिक आजार. त्याच्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. तुझी एक नेहमीची आणि एक सिकलची, म्हणून एएस, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलच्या असल्या की एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार. ती सिकलची प्रत तुझ्या आईबाबांपैकी कुणाकडून तरी आलेली आहे. म्हणजे दादालाही ती मिळालेली असण्याची शक्यता निदान निम्मी आहे. वहिनीचं आपल्याला काहीच माहीत नाही, पण माहेर गोंदियाकडचं आहे आणि पूर्व विदर्भात वाहक गावोगाव आहेत. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. 'चार मुलांत एक' असं नाही बरं का, प्रत्येक खेपेला नव्याने चारात एक. आणि दोघांपैकी एकाचाही रिपोर्ट पूर्ण नॉर्मल आला, तर बाळाला एसएस होत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेव, पुढे तेच कामाला येणार आहे.

आता वेळेचं. दोघं वाहक निघाले आणि त्यांना गर्भाची तपासणी करून घ्यायची असली, तर वारेचा बारीक नमुना साधारण 11 ते 13 आठवड्यांत घेतात. ते हुकलं तर गर्भजलाचा नमुना सोळाव्या आठवड्याच्या सुमारास. त्याआधी दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट हातात हवेत, जनुकातला बदल पक्का झालेला हवा, आणि नमुना घेतल्यावर निकालाची वाट बघायची ती वेगळीच. गर्भपाताच्या कायद्यात 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. त्यापुढे 24 पर्यंत दोन डॉक्टर आणि ठरलेली कारणं लागतात, त्याहून पुढे मेडिकल बोर्ड. 2021 च्या दुरुस्तीने मुदत वाढली खरी, पण जितका उशीर तितका त्या बाईच्या जिवाला त्रास जास्त. नवव्या आठवड्यात कळलं तर विचार करायला सवड मिळते. अठराव्यात कळलं तर सवड नसते, नुसती धावपळ असते.

गैरसमज नको. वहिनीने गर्भ पाडावा असं मी म्हणत नाही, तपासणी करावीच असंही नाही. दोघं वाहक असूनही गर्भाची तपासणी नाकारणारी जोडपी असतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यांनासुद्धा आधी कळलेलं उपयोगी पडतं. बाळाची जन्मल्याबरोबर तपासणी होते, पेनिसिलिन वेळेवर सुरू होतं, न्यूमोनियाच्या लसी चुकत नाहीत, ताप आला तर घरी काढा देत न बसता लगेच दवाखाना गाठायचा हे आईला माहीत असतं. एसएस मुलांचा धोका सर्वांत जास्त पहिल्या काही वर्षांत असतो, आणि त्यातला बराचसा निव्वळ माहीत नसल्यामुळे असतो. तेव्हा निर्णय काहीही होवो, तो घेणारी बाई अंधारात असता कामा नये. तुमच्या घरात आज तसं चाललं आहे. तिच्या पोटातल्या बाळाबद्दल सासरच्या अर्ध्या घराला शंका आहे आणि तिला एकटीला नाही.

आता शपथेचं. आईची बाजू मी पुढे घेणार आहे, ती अगदीच चूक नाही. पण ही शपथ पाळण्यासारखी नाही. तुझा रिपोर्ट तुझा आहे. तो कुणाला सांगायचा हे तू ठरवायचं, आईने नाही. दादाचा रिपोर्ट अजून झालेलाच नाही, त्यामुळे त्याचं गुपित फोडण्याचा प्रश्नच येत नाही. तू सांगणार आहेस ते फक्त स्वतःबद्दल: "मी वाहक आहे." त्यावरून जो अर्थ काढायचा तो ज्याचा त्याने काढावा.

आधी दादाला फोन कर. आजच कर, मेसेज नको. मेसेज फॉरवर्ड होतात. फार प्रस्तावना न करता सांग: "दादा, अकरावीत माझी सिकलची तपासणी झाली होती, मी एएस आहे. तूही असू शकतोस. वहिनीला दिवस गेलेत म्हणून आत्ता सांगते आहे. तुम्ही दोघं या आठवड्यात एचपीएलसी करून घ्या." एचपीएलसी म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजात होते ती, जिल्हा रुग्णालयातही सोय असते, सरकारी कार्यक्रमात पैसे पडत नाहीत. थांबायचंच नसेल तर खाजगी लॅब आहेतच. दोघांनी एकाच दिवशी रक्त द्यावं. 'आधी तू, मग मी' यात दहा दिवस जातात.

समजा दादा म्हणाला, "मला नाही तपासायचं." असे पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत. घाबरलेले असतात, पण ते दिसतं रागासारखं. स्वतःच्या रक्तात काय आहे ते न जाणून घेण्याचा त्याला अधिकार आहे, हे मी मानते. पण तो अधिकार त्याच्या स्वतःच्या रक्तापुरताच. इथे मघाचं वाक्य आठव. वहिनीचा रिपोर्ट पूर्ण नॉर्मल आला, तर दादाने कधीच तपासलं नाही तरी चालेल. त्याला त्याचं अज्ञान जपता येईल आणि बाळाचा प्रश्नही सुटेल. म्हणून दादाला दोन-तीन दिवस दे. तो हलला नाही तर वहिनीला तू स्वतः सांग, तेच वाक्य, स्वतःबद्दलचं. दादाला कळवून सांग, त्याच्या पाठीमागून नको.

कदाचित वहिनीची तपासणी आधीच झालेली असेल. विदर्भात गरोदर बाईचं नाव नोंदवलं की आशाताई किंवा नर्सताई बहुधा सिकलची चाचणी करून घेतात. तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद आहे का ते बघायला सांग. पण त्या एका नोंदीवर विसंबू नका. ती पहिली चाचणी बहुधा सॉल्युबिलिटीची असते. काचेच्या नळीत द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, आणि नळीच्या मागे रेघा मारलेला कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त, झटपट, गावात करता येण्याजोगी चाचणी आहे, पण तिला दोन गोष्टी कळत नाहीत. एएस आणि एसएस यातला फरक कळत नाही, आणि बीटा थॅलेसेमियाची, म्हणजे हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराची, वाहक असेल तर तेही कळत नाही. एका जोडीदाराकडे सिकल आणि दुसऱ्याकडे बीटा थॅलेसेमिया असला तरी बाळाला सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो. म्हणून एचपीएलसी, सोबत रक्तपेशी मोजणारा साधा सीबीसी. 'पूर्ण नॉर्मल' म्हणजे या दोन्हीत नॉर्मल. तुझा अकरावीतला कागदही साड्यांखालून काढ आणि बघ. दुसऱ्यांदा दंडातून रक्त घेतलं ते बहुधा खात्रीच्या तपासणीसाठी. एएसमध्ये सिकलचं हिमोग्लोबिन एस साधारण 30 ते 40 टक्के असतं आणि नेहमीचं ए त्याहून जास्त. आकडे नसतील, नुसते दोनच अक्षरं लिहिलेली असतील, तर तूही पुन्हा तपासून घे.

दोघंही वाहक निघाले, तर त्यांना समुपदेशकाकडे जाऊ दे. घरातल्या बैठकीत हा विषय नको. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे, तिचं काम याच आजारांवर आहे आणि गर्भाच्या तपासणीचा तिथे दीर्घ अनुभव आहे. चंद्रपूरलाही आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांचं केंद्र आहे. गर्भाच्या तपासण्यांचा पीसीपीएनडीटी कायदा म्हटला की आपल्याला फक्त मुलगा-मुलगी आठवतं. पण त्याच कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाची तपासणी रीतसर मान्य आहे. अट अशी की बाईला तिच्या भाषेत सगळं समजावून तिची लेखी संमती घ्यायची आणि संमतीपत्राची प्रत तिच्या हातात द्यायची. तिची संमती, नवऱ्याची नव्हे, सासूची तर नव्हेच. हे दादाला नाही, वहिनीला सांग.

आणि मामेभाऊ. वहिनीला पटवून देताना त्याचं उदाहरण तोंडावर येईल. देऊ नकोस. 'एसएस' हा त्याचा रिपोर्ट आहे आणि तो सज्ञान आहे. सांगायचंच असेल तर आधी त्याला विचार, तो बहुतेक हो म्हणेल. त्याच्यासमोर "असं मूल व्हायला नको" हे वाक्य मात्र घरात कुणीही बोलता कामा नये. जाता जाता त्याचीही चौकशी कर. दुखण्याचे झटके कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे का? दर दोन-तीन महिन्यांनी भरती व्हावं लागतंय म्हणजे एक तर औषध नाही, किंवा आहे आणि तो नियमित घेत नाही, किंवा मात्रा तपासायला हवी. आपल्याकडच्या रुग्णांना सिकलसेल सौम्य असतो असा एक समज कागदोपत्री फार वर्षं चालला. विदर्भातल्या वॉर्डांत दिसतं ते वेगळं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, प्रमाणपत्र मिळू शकतं, कॉलेजसाठी आणि परीक्षेसाठी ते उपयोगी पडतं. घरात कुणी काढून दिलंय का त्याला?

आता आई.

आईला वाटतंय तिची मुलगी जन्मभर शिक्का घेऊन फिरेल. ही भीती तिने हवेतून आणलेली नाही. तुझ्या वर्गात नावं वाचली गेली त्या दिवशीच तो शिक्का बसला. शिबिर भरवणं चांगलंच, पण अल्पवयीन मुलांची तपासणी करून, पालकांशी बोलण्याआधी निकाल वर्गात जाहीर करणं हा सरळसरळ गुन्हा म्हणावा असा हलगर्जीपणा आहे. वाहक म्हणजे काय हे त्या वर्गाला पाच मिनिटं समजावलं असतं, तर तुझ्या डब्यात हात घालायला कुणी घाबरलं नसतं. आजही सरकारी मोहिमेचं मला हेच भय वाटतं. 2023 च्या जुलैमध्ये राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली. 17 राज्यांत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट. रक्त घेणारे हात मिळतात. शेजारी बसून अर्धा तास समजावणारा माणूस मिळणं कठीण, आणि आकडा मात्र रक्ताच्या नमुन्यांचाच मोजला जातो.

शिक्क्याचा इतिहासही जुना आहे. लायनस पॉलिंग यांनी सहकाऱ्यांसह 1949 मध्ये दाखवून दिलं की सिकलसेलचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. फार मोठा शास्त्रज्ञ, दोन नोबेल. त्याच पॉलिंगनी 1968 मध्ये लिहिलं की वाहक तरुणांच्या कपाळावर गोंदून ठेवावं, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू मुलांचं दुःख टाळण्याचाच होता. पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेत कितीतरी राज्यांनी कृष्णवर्णीयांवर ही तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यातला फरक न कळल्यामुळे धडधाकट माणसांच्या नोकऱ्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना 1981 पर्यंत बंद होतं. आणि तुमच्या घराशी अगदी जुळणारी गोष्ट ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावची. तिथे लग्नं ठरवूनच व्हायची. डॉक्टरांनी गावाची सिकलची तपासणी केली, सल्ला दिला, आणि काही वर्षांनी जाऊन पाहिलं तर वाहकांना स्थळं नाकारली जात होती, म्हणून कितीतरी घरांनी रिपोर्ट लपवूनच लग्नं उरकली होती. लपवाछपवी झाली की तपासणीचा उपयोगच उरत नाही. त्या गावातल्या आया आणि तुझी आई, फार फरक नाही.

तेव्हा आईशी भांडू नकोस. ती ज्या समाजाला ओळखते त्याप्रमाणे बोलते आहे, आणि मुलीचं बाहेर येतं, मुलाचं कुणी विचारत नाही, हे तिचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. फक्त तिला एक सांग: सिकल तिच्याकडून आला की बाबांकडून, हे शोधायचं नाही. तिच्या माहेरी एसएस भाचा आहे म्हणजे हिच्याकडूनच, असं धरून कुणीतरी तिला कधी बोललं असेल, मला तशी दाट शंका येते. तो बाबांकडूनही आलेला असू शकतो. आईबाबांची तपासणी करायची आता काही गरज नाही, त्यातून तुझ्या किंवा दादाच्या निर्णयाला काडीची मदत होणार नाही. सगळ्या घराचं रक्त एकदम तपासलं की कधी कधी नको ती नातीही उघडी पडतात. ज्या तपासणीवर कुणाचा निर्णय अडलेला नाही, ती करूच नये.

मग तुझ्या मूळ प्रश्नाकडे.

हो, सांगायला हवं. वाहक असणं हा आजार नाही, तुला औषध लागत नाही, तुझं आयुष्य कमी होत नाही, तू नोकरी, प्रवास, बाळंतपण सगळं करू शकतेस. त्यामुळे "माझ्यात दोष आहे" अशा सुरात सांगू नकोस. पण होणारी मुलं दोघांची. जो निर्णय उद्या त्याला घ्यावा लागू शकतो, त्याची माहिती तुझ्या कपाटात असून त्याला न देणं ही फसवणूकच. कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेव. उद्या मूल एसएस निघालं आणि तुला आधीपासून माहीत होतं हे त्याला कळलं, तर त्या संसाराचं काय होईल याचा विचार कर.

कसं सांगायचं, यात मात्र तुला वाव आहे. सायप्रसमध्ये थॅलेसेमिया फार. तिथे 1983 पासून चर्चमध्ये लग्न लावायचं तर तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. पण त्यावर निकाल लिहिलेला नसतो, दोघांची तपासणी झाली आणि सल्ला मिळाला एवढंच असतं. निकाल त्या दोघांपाशी. वाहक निघालेली बहुतेक जोडपी तरीही लग्न करतात, आणि मुलांच्या वेळी काय करायचं ते ठरवतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सनातनी ज्यूंनी त्याच वर्षी वेगळीच युक्ती काढली. तिथलीही लग्नं मध्यस्थांमार्फतच. टे-सॅक्स नावाच्या, लहान मुलांचा जीव घेणाऱ्या आनुवंशिक आजाराने स्वतःची चार मुलं गमावलेल्या जोसेफ एकस्टीन या रब्बींनी 'डोर येशोरिम' सुरू केलं. मुलामुलींची तपासणी होते, पण निकाल त्यांनाही सांगत नाहीत, नुसता क्रमांक देतात. स्थळ आलं की दोन्ही क्रमांक कळवायचे, उत्तर मिळतं ते जुळतं की नाही एवढंच. शिक्का कुणावरच बसत नाही. हुशारीची रीत आहे, पण मला ती पुरती पटत नाही. तू तिथे असतीस तर स्वतः वाहक आहेस हे तुला कळलंच नसतं, आणि आज दादाला फोन करायला तुझ्याकडे काहीच नसतं.

त्या दोन्हीकडून तुला एक गोष्ट घेता येईल: तपासणी दोघांची. नागपूरकडचा मुलगा आहे, सिकल हा शब्द त्याला नवा नाही. त्याला साक्षगंधाच्या आधी, शक्यतो समोरासमोर भेटून सांग: "आपल्याकडे सिकल आहे, म्हणून लग्नाआधी आपण दोघांनीही एचपीएलसी करू या. माझी आधी झालेली आहे, मी वाहक आहे. तुझं बघू." आधी फक्त 'दोघं तपासू' एवढं म्हणून रिपोर्ट एकदमच एकमेकांच्या हातात दिले तरी मला वावगं वाटत नाही. पण त्याने मधेच सरळ विचारलं, तर खोटं बोलायचं नाही. त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला तर विषय संपला. तुमच्या मुलांना फार तर तुझ्यासारखं वाहकपण मिळेल. तोही वाहक निघाला तर बसून बोलावं लागेल: गर्भाची तपासणी, किंवा आयव्हीएफ करून आधीच तपासलेला भ्रूण (मोठ्या शहरांत होतं, खर्च फार), किंवा दत्तक, किंवा हे लग्नच नको. यातलं कुठलंही उत्तर चूक नाही. आणि रिपोर्ट बघून तो एकदम गप्प झाला, आईला विचारतो म्हणाला, तर तेही तुला साक्षगंधाच्या आधीच कळलेलं बरं.

सासूसासऱ्यांना, मध्यस्थाला, मामा-मावशांना सांगायची गरज नाही. निर्णय तुम्हा दोघांचा आहे, माहितीही दोघांपुरती. त्याच्याकडून तसा शब्द घे: लग्न होवो न होवो, माझा रिपोर्ट तुझ्यापाशी राहील. तुझ्या धाकट्या बहिणीचं त्यावर अवलंबून आहे, हे त्याला समजेल. बहिणीलाही तू एकदा स्वतः सांग आणि तपासायचं की नाही ते तिच्यावर सोड. तिचं लग्न ठरायच्या वेळी आईने तिलाही शपथ घालावी, असं तुला वाटत नसणार.

लॅबच्या पॅकेजचं थोडक्यात. सध्या नको. अशा पॅकेजांत एकदम शेकडो आजारांची जनुकं बघतात, आणि 'अर्थ निश्चित नाही' अशा शेऱ्याचं काहीतरी निघण्याची भरपूर शक्यता असते. मग साक्षगंधाच्या तोंडावर तुम्ही दोघं त्या शेऱ्याचा अर्थ विचारत फिराल. जवळच्या नात्यातलं लग्न असेल, किंवा घरात आणखी एखादा आनुवंशिक आजार असेल, तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही आधी समुपदेशक, मग लॅब. तुमच्या भागातला, तुमच्या घरातला, नाव माहीत असलेला प्रश्न एका साध्या रक्ततपासणीत सुटतो, तो आधी सोडवा.

वहिनीला फोन करायची वेळ आली तर ती रडेल, किंवा भडकेल: "दोन वर्षं सगळे गप्प बसलात!" ऐकून घे. तिचं म्हणणं रास्त आहे. आईचा बचाव त्या फोनवर करू नकोस. तिला फक्त विचार, दवाखान्यात सोबत कोण हवंय, आणि माहेरी कळवायचं की नाही ते तिच्यावर सोड. ती म्हणाली तर सुट्टी काढून तिच्या सोबतीला जा.

रिपोर्ट काय आले, ते मला लिहून कळवू नकोस. तिला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.